लीदवाले तात्या

रस्त्यात घोड्याची लीद दिसली की तात्या थांबत. मग ते कुठेही निघालेले असोत. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, आणि काखेत मात्र घडी घातलेलं गोणपाट. माझ्या लग्नाची मंडळी परळच्या नाक्यावरून चाळीकडे चालली होती, तेव्हा वाजंत्रीच्या मागून चालणारे हे गृहस्थ अचानक खाली वाकले आणि एका व्हिक्टोरिया घोडागाडीच्या मागे राहिलेला ऐवज गोणपाटात भरू लागले. माझ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. तात्या शांतपणे म्हणाले, "वैनी, लगीन आज होतंय. वांगी जल्मभर खायाची हायेत." नव्या घरात पाऊल टाकण्याआधी कानावर पडलेलं हे मला आठवणारं पहिलं वाक्य.

चाळीत त्यांना लीदवाले तात्या म्हणत. ते आमच्या शेजारच्या खोलीत राहत, तळमजल्यावर. मिलमधल्या ब्लीचिंग खात्यात त्यांची उमर गेली होती. आमची चाळ बहुतेक बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरांची. समोरच्या दोन चाळी मराठ्यांच्या आणि कोकणातल्या मंडळींच्या. मधे मोकळं पटांगण. चाळीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत, एक लांबट पट्टा पडून होता. मिलच्या बॉयलरची राख आणि जळके खडे टाकून तिथली जमीन भरलेली. पाणी ओतलं की सरळ खाली जाई, गवतसुद्धा धड धरत नसे. त्या राखेत तात्यांनी भाजी करायची ठरवली तेव्हा चाळ हसली होती, असं सासूबाई सांगत.

"माती मेलेली नसती, सूनबाई," ते मला म्हणायचे. "तिला कुणी खायाला घातलेलं नसतं, एवढंच." जुन्या खाटेची जाळी काढून त्यांनी चाळण केली होती. सुट्टीच्या दिवशी राख चाळून खडे वेगळे काढायचे, खड्ड्यात पालापाचोळा, लीद, भाजीची देठं, चहाचा चोथा थरावर थर टाकायचा, वर पाणी मारून गोणपाट झाकायचं. करंजाची पेंड डब्यात भिजत घालायची. मला या सगळ्याची किळस यायची. पण कुजून काळा झालेला पाला त्यांनी मुठीत धरून माझ्या नाकाशी आणला, तेव्हा त्याला माझ्या माहेरच्या परड्यासारखा वास आला.

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं मात्र नाही. तात्यांना धीर नव्हता. एकदा ताजीच लीद मिरच्यांना घातली, तिच्या उष्णतेनं रोपं आठवड्यात करपली. एकदा लालबागच्या बाजारातल्या कोळणींकडून माशांची डोकी आणून उथळच पुरली. चाळीतल्याच नव्हे, अख्ख्या परळच्या मांजरांनी वाफा उकरला. दोन दिवस नाक धरून फिरावं लागलं. सासूबाईंनी दारात उभं राहून त्यांचा उद्धार केला. तात्यांनी चूक कबूल केली नाही. "मांजरांनी खणून दिलं, माजं काम वाचलं," एवढंच म्हणाले आणि पुढच्या वेळी गुडघाभर खोल खड्डा खणला.

पांढरं विलायती खत, ते सल्फेट, त्यांनी एकदाच वापरलं. पानं काळपट हिरवी झाली, झाडं बघता बघता वाढली आणि त्यांच्यावर मावा किडीची धाड पडली. पुढच्या हंगामाला तो वाफा टणक झाला होता. "ही दारू हाय," ते म्हणाले. "आज नाचवती, उद्या उठवत न्हाई." ब्लीचिंगमधल्या अर्ध्याअधिक खात्याची संध्याकाळ गुत्त्यात जाताना त्यांनी पाहिली होती. त्या विषयावर ते हसत नसत.

रस्त्यापलीकडच्या इमारतीत कारखानीस नावाचे एक पेन्शनर राहत. जुनं मुंबईकर घराणं, कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावले होते. बागेच्या नादानं ते तात्यांचे वाफे पाहायला यायचे. माणूस वाईट नव्हता. तात्यांशी उभ्याउभ्या तासभर बोलायचा, फक्त तात्यांच्या बायकोनं, काकींनी, चहा पुढे केला की त्यांचा नेमका उपास असायचा.

एकदा ते एक कापडी पिशवी घेऊन आले. मी तिथेच कपडे वाळत घालत होते.

"तात्या, हाडांचा चुरा आणलाय. मुळं धरायला याच्यासारखं दुसरं खत नाही. माझे टोमॅटो पाहा. आणि तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्याकडे तर हे पिढीजात..."

ते तिथे थांबले. पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

तात्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "साहेब, माज्या बापानं गावातली मेलेली ढोरं वढली. मी पोर होतो, शेपटाकडनं धरायचो. त्यो वास अंगाला असा लागायचा की आई ताट लांबनं सरकवायची. आता आमी ते सोडलं. हाडाला हात लावनार न्हाई."

"अहो, पण हे विज्ञान आहे. यात कसली जात?"

"आसंल. तुमच्या झाडांना घाला. माजी वांगी जरा बारकी ऱ्हातील."

कारखानिसांचं म्हणणं खोटं नव्हतं. चुऱ्यानं झाडं जोमानं वाढतात, ते तात्यांनाही ठाऊक होतं. त्यांची वांगी खरोखर बारकी राहिली. पण कोवळी, चकाकती, बी नसल्यासारखी. चाळीत प्रत्येक दाराशी ती जायची. कुणी आजारी असलं की दोडका, कुणी बाळंत असली की शेपू. पैसे विचारले तर तात्या रागवायचे.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या पटांगणात सभा व्हायच्या, लाल, निळे, भगवे असे सगळे झेंडे एकाच दोरीला बांधले जायचे. तिन्ही चाळींची मिळून एक समिती झाली होती. समोरच्या चाळीतले एक तडफदार गृहस्थ तिचे सेक्रेटरी. आवाज असा की लाउडस्पीकर नसला तरी चालावं. गावाकडून सत्याग्रहींच्या तुकड्या येत, त्यांच्या जेवणासाठी पटांगणात चुली मांडल्या होत्या. सेक्रेटरी आमच्या चाळीत आले आणि म्हणाले, "आता मराठी माणूस एवढी एकच जात." तात्यांना ते फार आवडलं. त्या संध्याकाळी त्यांनी वाफ्यात फिरून दुसऱ्या दिवशी काढायची वांगी काकींना दाखवून ठेवली.

सकाळी काकींनी ती एकेक धुतली. काकी अबोल बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. तात्या टोपली पटांगणात ठेवून आले आणि उरलेली तोडायला परत गेले. मी चुलींपासून थोडी लांब तांदूळ निवडत बसले होते. आमच्या चाळीतल्या बायकांकडे निवडण्याचं काम होतं, चिरण्याचं नव्हतं. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. तसं होऊन गेलं होतं.

समोरच्या चाळीतल्या एका बाईनं वांगं हातात घेऊन फिरवलं. "एवढी कशी गं चकाकतात?"

"त्या लीदवाल्याची ना? ते लोक हाडं घालतात मातीत. मेलेल्या जनावरांची," टोमॅटो चिरणारी दुसरी म्हणाली.

मी उठून उभी राहिले. "तात्या हाडाला शिवत नाहीत. कारखानिसांनी दिली तरी घेतली नाहीत. आणि तुम्ही आत्ता कोशिंबिरीला चिरताय ना, ते टोमॅटो कारखानिसांचे आहेत. त्या झाडांना ते हाडांचाच चुरा घालतात. त्यांनाच विचारा."

त्या बाईनं सुरी थांबवली नाही. "ती हाडं दुकानातली असतात," ती म्हणाली.

टोपली कुणी उचलली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा वांगी पटांगणाच्या कडेच्या गटारात पडली होती आणि तात्या दुसरी टोपली घेऊन येत होते. ते थबकले. त्यांनी बायकांकडे पाहिलं, मग सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी खुर्चीवर बसून घोषणांचा कागद वाचत होते आणि तो त्यांनी आणखी जवळ धरला.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

सुऱ्या चालूच राहिल्या. मीच जाऊन सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, गटाराशी बसले, एकेक वांगं उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि टोपलीत ठेवलं. दोन्ही टोपल्या घेऊन ते परत आले. मागच्या खड्ड्यात त्यांनी सगळी वांगी ओतली आणि फावड्यानं चेचून वर पाला टाकला. 

दुसऱ्या संध्याकाळी सेक्रेटरी आले. दारात उभे राहूनच बोलले. "तात्या, मनावर घेऊ नका. अडाणी बायका आहेत. लढा मोठा आहे, आपण मन मोठं करायचं. असं करा, भाजी पहाटे माझ्या घरी पोचवत जा. तिथून ती चुलीवर जाईल. कुणाची, हे कुणाला कळायलाच नको."

तात्या उठून दारात आले. मग म्हणाले, "सेक्रेटरी, भाजी माजी हाय, हात बी माजा हाय. खायाची तर दोन्हीसकट खा."

सेक्रेटरी गेले. मला वाटलं, तात्या आता समितीचं नाव काढणार नाहीत. पण महिन्याभरात सत्याग्रहींच्या तुकडीत त्यांनी नाव दिलं. माझे सासरे म्हणाले, "एवढं होऊनसुद्धा जातोस?" तात्या म्हणाले, "राज्य काय त्या सेक्रेटरीच्या घरचं हाय? माजं हाय म्हनून जातो." सत्याग्रहात अटक झाली आणि तुरुंगात त्यांना खोकला लागला. कापसाच्या तुसानं आणि ब्लीचिंगच्या वाफांनी फुप्फुसं आधीच खाल्ली होती, तो खोकला पुन्हा गेला नाही.

परत आले ते बदलून आले. वाफे तसेच करायचे, खड्डे तसेच भरायचे. पण दारोदार भाजी देणं थांबलं. आमच्याकडे तेवढी काकी आणून द्यायच्या. उरलेली वांगी, दोडकी, भेंड्या झाडावरून उतरवून तात्या सरळ खड्ड्यात टाकत. मी एकदा न राहवून म्हटलं, "तात्या, लोकांच्या पोटात गेली असती तर?"

"लोकांच्या तोंडात जायला त्यांना आधी जात सांगावी लागती," ते म्हणाले. "मातीला सांगावी लागत न्हाई."

ते परतल्यानंतरच्या दोन वर्षांत ती जमीन विलक्षण झाली. काळी, भुसभुशीत, हात घातला तर मनगटापर्यंत जावा. गांडुळं वळवळायची. राखेच्या त्या पट्ट्यावर एवढी सुपीक माती असेल यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि तिच्यातलं निम्म्याहून अधिक तिच्याच पोटात जात होतं. मला ते बघवत नसे.

राज्य झालं तेव्हा तिन्ही चाळींवर दिवे लागले. पटांगणात सत्याग्रहींना हार घातले. तात्यांचं नाव पुकारलं गेलं. ते आपल्या ओट्यावर बसून ऐकत होते. नाव पुन्हा पुकारलं, मग पुढचं पुकारलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते जवळच्याच इस्पितळात वारले. शेवटी शेवटी त्यांना बोलताना धाप लागायची. मला त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की पेंड भिजत घातलीय, ती वाया घालवू नको.

त्यांच्यासाठी पटांगणात शोकसभा झाली. सेक्रेटरी तोवर मोठे झाले होते, त्यांच्याबरोबर चार माणसं असायची. तात्यांच्या फोटोला त्यांनी हार घातला आणि बोलायला उभे राहिले. आवाज तोच होता.

"तात्यांनी आपल्या घामानं पिकवलेली वांगी खाऊन आम्ही हा लढा लढलो. त्या वांग्यांची चव अजून माझ्या जिभेवर आहे."

पुढच्या रांगेत माझ्या शेजारी काकी बसल्या होत्या. त्या उठल्या. त्यांना सभेत उभं राहिलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी खाल्ली न्हाईत. मी धुवून दिली हुती. तुमच्या लोकांनी गटारात टाकली आन् ह्यांनी ती उचलून आनली. तुमी तितंच बसला हुतात. मेलेल्या मानसाच्या नावानं खोटं नका बोलू."

लाउडस्पीकर नुसताच घरघरत राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "काकी, बसून घ्या."

"बसते की. आदी सेक्रेटरींना बसू द्या."

सेक्रेटरींनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि ते खुर्चीवर बसले. समितीच्या एका माणसानं घाईघाईनं पुढे होऊन सांगितलं, की आता आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची आहे. सगळे उभे राहिले. सेक्रेटरीही उठले, मान खाली घालून. मीही उठणार होते, पण काकींनी माझा हात धरून मला खाली ओढलं, आणि पदर सावरून त्या माझ्या शेजारी बसल्या.