घ्यावी की घडवावी

अख्ख्या रायगड जिल्ह्यात बंदुकीचा माझ्या मामेसासऱ्यांइतका खोल विचार केलेला माणूस नाही, आणि इतका विचार करून ज्याच्या घरात दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा कधी आलं नाही असाही दुसरा कोणी नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या घाटाला लागलं की खाली पाच-सात घरांची एक वाडी दिसते, तिथलं शेवटचं घर त्यांचं. ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं आणि वर उतारावर नाचणी. वाडीतले बाकीचे उतार केव्हाच ओस पडले होते. निम्मी माणसं मुंबईला गेली होती आणि उरलेल्यांनी रानडुकरांपुढे हात टेकले होते. मामा तेवढे हात टेकायला तयार नव्हते. डुकराचा बंदोबस्त बंदुकीनेच होणार, हे त्यांनी माझ्या लग्नाच्या आधीच ठरवलं होतं, आणि माझ्या लग्नाला आता सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच, की बंदूक विकत घ्यावी की घडवून घ्यावी.

कोणत्याही वस्तूच्या बाबतीत मामांचा हा पहिला प्रश्न असे. घराचं मागचं दार मोडलं तेव्हा महाडच्या बाजारातलं तयार दार आणावं की सुताराला बसवावं यावर त्यांनी दोन पावसाळे काढले. तेवढा काळ तिथे गोणपाट होतं आणि वाडीतली कुत्री त्या वाटेने घरात येऊन, मामींच्या भाषेत, चूल बघून जात. शेवटी मामींनीच एका सकाळी सुताराला बोलावलं. त्या दाराकडे मामा अजूनही 'गोणपाट बरं होतं' अशा नजरेने बघत. मामी म्हणायच्या, "मला बघाया आले तवा बी तीनदा आले. तिसऱ्यांदा माझ्या बापानं इचारलं, पोरगी बघताय का बैल?" यावर मामा शांतपणे सांगायचे की बैल असता तर एका खेपेत ठरवलं असतं.

बंदुकीबाबत त्यांच्या दोन अटी होत्या. ती स्वस्त हवी आणि तिची नळी मोठी हवी. शेतीच्या राखणीसाठी लोक साधारणपणे जी बंदूक घेतात तिला ते 'कावळे उडवायची' म्हणत. "आपल्याकडचं डुक्कर घाटावरच्यासारखं नाय, जावयबापू," ते मला समजावत. "चिखलात लोळून लोळून त्याची कातडी फरशीवानी झालेली हाय. नळीत अंगठा गेला पायजे." मी म्हणायचो, मामा, तुमचं वजन पाहता अशी बंदूक उडाली तर डुक्कर जागच्या जागी राहील आणि तुम्ही ओढ्यात जाल. त्यावर त्यांचा दुसरा मुद्दा तयार असे. "आणि उद्या गवा आला तर?" गवा आला तर पळायचं, असं मी एकदा म्हणालो. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "पळाया बी हातात बंदूक असलेली बरी."

विकत घेण्याच्या बाजूने त्यांचं म्हणणं असं, की बंदूक बिघडली तर दुकानदाराशी भांडता येतं. घरी घडवलेली बिघडली तर भांडायचं कोणाशी? घडवण्याच्या बाजूने म्हणणं असं, की विकतच्या बंदुकीला आपला खांदा ठाऊक नसतो. एका बैठकीत ते दोन्ही बाजू इतक्या तळमळीने मांडत, की ऐकणाऱ्याला आपण दोन वेगळ्या माणसांच्या भांडणात पडलो आहोत असं वाटे. त्यांच्या मुलाने जुना मोबाईल दिल्यावर तर या भांडणात तिसरा आला. कुठल्या तरी परदेशातला टोपीवाला गोरा माणूस आपल्या पडवीत बसून रायफल जुळवतो, असा एक व्हिडिओ मामांना सापडला. इंग्रजीचं एक अक्षर कळत नसताना तो त्यांनी किती वेळा पाहिला याची गणती नाही. गोरा काय बोलतो असं विचारलं तर म्हणत, "तो बी स्वस्तातच बघतोय. माणूस मेहनती हाय, पण बायकोला इचारत नाय."

मी महाडला एका कचेरीत कारकून होतो, त्यामुळे देशातले सगळे कायदे मीच लिहिलेत अशी मामांची समजूत. मी त्यांना दर खेपेला सांगत असे की घ्यायची तरी परवाना लागतो, घरी घडवली तर थेट तुरुंग आहे, आणि शिकारीला तर बंदीच आहे. "शिकार कोण करतोय? मी राखण करतोय," ते म्हणत. मग एक दिवस त्यांनी मला पेचात पकडलं. "लोखंडाला परवाना लागतो. लाकडाला कुठं लागतो?" आणि परसातल्या वाळलेल्या शिवणीच्या ओंडक्यातून त्यांनी बंदुकीचा दस्ता करायला घेतला.

दीड वर्ष ते दस्ता तासत होते. आल्यागेल्याच्या खांद्याला लावून बघत होते. पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, देवीचे गुरव, सगळ्यांचे खांदे होऊन गेले. मला तर जेवायला बसण्याआधी हात धुवायचा आणि दस्ता लावून बघायचा असा नियमच होता. खरं सांगायचं तर तो दस्ता फार देखणा होता. हातात घेतला की ठेववत नसे. मामा तो खांद्याला लावून उताराच्या बांधावर उभे राहत, एक डोळा मिटत आणि नळी जिथे असायला हवी होती तिथून डुकरांचा नेम धरत. डुकरं यावर काय करतात असं मी मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघतात आणि खातात."

प्रत्यक्ष राखण मामीच करायच्या, पत्र्याचा डबा बडवून. गेल्या गणपतीच्या आधी एका सकाळी त्या बांधावरून जात असताना नाचणीतून डुक्कर सुटलं आणि त्यांना धडक देऊन गेलं. डावं मनगट मोडलं. महाडला प्लास्टर घातलं. त्यांचा मुलगा संतोष नालासोपाऱ्याहून धावत आला आणि गणपतीच्या पाटासमोर बसून त्याने सांगून टाकलं, "बाबा, आता रिस्क नको. दिवाळीपर्यंत बंदुकीचा परवाना आला तर करा शेती. नाय आला तर टेम्पो आणतो, दोघं माझ्याकडे चला." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा महाडला माझ्या दारात हजर झाले. म्हणाले, "फारम भरा. कावळे उडवायची असली तरी चालंल." सव्वीस वर्षांत त्यांचं एवढं चटकन ठरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

अर्ज मी जीव ओतून लिहिला. मोडलेलं मनगट, उकरलेले बांध, आडवी झालेली नाचणी, काही सोडलं नाही. चार ठिकाणी पाठपुरावा केला आणि दसऱ्याच्या सुमारास पाहणीला साहेब येणार असा निरोप मिळाला. तो मीच मामांना फोन करून कळवला, आणि तीच माझी चूक झाली. साहेब आपल्या शेतावर येणार म्हटल्यावर मामा कामाला लागले. तुडवलेली नाचणी कापून गुरांना घातली. कललेली ताटं काठ्या लावून उभी केली. डुकरांनी पाडलेले खड्डे भरून सारखे केले, कुंपण नवं केलं, आणि मामींनी एका हाताने अंगण सारवलं. पाहणीच्या दिवशी मी वाडीत पोचलो आणि डोक्याला हात लावला. शेत लग्नघरासारखं दिसत होतं.

साहेब माणूस सभ्य होता. उतार चढून आला, घाम पुसला, चहूकडे पाहिलं. "नुकसान कुठे झालंय?" त्याने विचारलं. मी मामांना कोपराने ढोसलं. मामा म्हणाले, "झालं थोडं. एवढं काय नाय." साहेब नाचणीचं कणीस हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, अशी नाचणी या बाजूला मी पाहिली नाही." झालं. मामांचा चेहरा असा उजळला की मी आशाच सोडली. "डुकराची टाप नाय इकडं यायची," ते म्हणाले. "मी हाय ना." साहेबाने ते लिहून घेतलं. निघताना त्याने मामींच्या हाताची चौकशी केली. मामी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "पडली घसरून. पायाखाली बघत नाय."

पंधरा दिवसांनी कागद आला. पीक उत्तम स्थितीत आढळले, नुकसान दिसून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पहिले दोन दिवस मामांनी तो कागद वाडीभर फिरवला, कारण सरकारने त्यांच्या पिकाला उत्तम म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "जावयबापू, खरं सांगाया पायजे होतं काय?" मी हो म्हणालो. मामा म्हणाले, "पण घरी आलेल्या माणसाला नासलेलं शेत कसं दाखवायचं?" रागवावं असं ठरवूनही मला त्यांचा राग आला नाही. फार वाईट वाटलं.

दिवाळी झाली आणि संतोष टेम्पो घेऊन आला.

गेल्या महिन्यात नालासोपाऱ्याला जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आहे. मामींचा हात बरा झालाय, सून चांगली आहे, नळाला पाणी येतं. मामा इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसले होते. चहा झाला, पोह्यांची बशी झाली, दुपार कलली. बंदुकीचा विषय निघाला नाही. शेवटी मीच म्हणालो, "मामा, मग काय ठरलं? घ्यायची की घडवायची?" ते नुसते हसले, पाहुण्याशी हसावं तसे. निघायला उठलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आपल्या उतारावर डुकरं येतात का हो?"

मी म्हणालो, "नाही येत. यंदा काही पेरलेलंच नाही, येऊन करतील काय?"

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

"मंग खातात काय ती आता?" ते म्हणाले.