पँटवर चड्डी घालणारे मल्हारी अण्णा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. माझा ओटाच मल्हारी अण्णांच्या दाराकडं तोंड करून बांधलाय, त्याला मी काय करणार? कर्नाटकातल्या आळंदच्या आमच्या गल्लीत तूरडाळ निवडायला बसलं की खड्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात.

अण्णा आधी डाळमिलमध्ये हमाल होते. मिल बंद पडली, तेव्हापासून वाढदिवसाला नाहीतर दुकानाच्या उद्घाटनाला सुपरहिरो होऊन जातात. निळा ड्रेस, गळ्यात बांधून पाठीवर सोडलेलं लाल कापड आणि पँटवरून लाल चड्डी. घर त्यावर चालतं. पण लेकीच्या, अश्विनीच्या सोयरिकी त्यावरच मोडतात. दोन मोडल्या; अण्णांना 'इवाई', म्हणजे व्याही, म्हणायला कुणी तयार नाही. दुसऱ्यांनी तर सरळ निरोप धाडला, "पोरगी लाख हाय, पण बाप सोंगं घेतोय."

*

ड्रेस शिवायला टाकला तेव्हाचं. टेलर म्हणाला, "अण्णा, चड्डी आतून असती."

"फोटोत भाईरून हाय की."

टेलरनं फोटो उलटासुलटा करून बघितला. "त्याच्या टेलरनं चुकी केली म्हणून आपण कामून करायची?"

शेवटी चड्डी वेगळ्या पुडीत बांधून दिली. वर म्हणाला, "कुठं घालायची ती घरी जाऊन घाला. माझं नाव सांगू नका."

*

आमच्याच गल्लीत एका पोरीचा पाचवा वाढदिवस होता. केक कापून झाला आणि ती म्हणाली, "आता उडून दाखवा."

अण्णा गडबडले. "करंट गेलाय, बाळ."

पोरगी आत जाऊन आईला विचारून आली. "आमच्यात इन्व्हर्टर हाय."

*

एकदा ड्रेसवरच बसमध्ये चढले. कंडक्टर कन्नडमध्ये म्हणाला, "हाराक बर्तदल्ला, बस याक?" म्हणजे, उडता येतं ना, मग बस कशाला?

अण्णा म्हणाले, "संगट लगेज हाय."

कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं.

*

बाजारात एका दुकानाचं उद्घाटन होतं. शेजारी एक म्हातारी तुरीचं पोतं टेम्पोत चढवायला माणूस शोधत होती. तिनं अण्णांना वरून खालपर्यंत बघितलं. "एवढा नटलास, जोर हाय का न्हाई?"

अण्णांनी खाली बसून पोतं पाठीवर घेतलं आणि टेम्पोत टाकलं. सगळ्या बाजारानं टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर सुमनला, म्हणजे बायकोला म्हणाले, "वीस वर्षं पोती उचलली, एकानं टाळी वाजवली न्हाई. कपडे चुकले माझे."

*

आता मागच्या महिन्यातलं. करजगीहून अश्विनीला बघायला पाहुणे यायचे होते, चार वाजता. अण्णांची दुपारी एका वाढदिवसाची ऑर्डर होती, तीनला घरी येऊन धोतर नेसतो म्हणाले. पाहुणे पावणेतीनलाच दारात!

सुमननं फोन लावला, तर तो घरातच वाजला. त्या ड्रेसला खिसाच नाही. ती मला म्हणाली, "अक्का, तेवढं कोपऱ्यावर थांबा. हे आले की मागच्या दारानं आत घाला. ही तिसरी सोयरीक हाय."

मी थांबणारच होते. पण पाहुण्यांनी पोरगा कसा आणलाय ते एकदा बघून जावं म्हणून खिडकीशी गेले. पोरगा गोरा होता, हातात चांगलं घड्याळ होतं. तेवढं बघेपर्यंत अण्णा पुढच्या दारातून आत.

पोराच्या बापानं पोह्यांची ताटली खाली ठेवली. सुमननं पदर तोंडाला लावला. अण्णांना हात जोडावेत का चड्डी झाकावी कळेना, त्यांनी एकेका हातानं दोन्ही केलं.

पोराचे आजोबा भिंतीला टेकून बसले होते. जन्म मेंढरांमागं गेलेला, खांद्यावर घोंगडी. ते काठी टेकत उठले, अण्णांपाशी आले, आणि पाठीवरचं लाल कापड दोन बोटांत धरून चोळून बघितलं. मग गळ्याची गाठ सोडली. कापड खांद्यावर सरकवून काखेतून घेतलं आणि बाजूला, आपल्या घोंगडीसारखी, नवी गाठ मारली.

"गळ्यात गाठ मारत जाऊ नका, इवाई," ते म्हणाले. "मेंढरानं वढलं की फास बसतोय."

अश्विनी अजून आत चहाच गाळायली होती.