निर्माल्यातली कण्हेर

मी येथे सहसा काही लिहीत नाही. आज मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

सोनी ही आमची लहानगी शेळी. तिची आई विताना दगावली, म्हणून काकूने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले.

काल श्रावणी सोमवार होता. आज सकाळी काकूने महादेवाच्या पिंडीवरचे निर्माल्य काढले आणि ते पायदळी येऊ नये म्हणून नेहमीप्रमाणे सोनीच्या पुढ्यात टाकू लागली. त्यात कण्हेरीची फुले होती, पानेही होती.

"काकू, कण्हेर विषारी असते," मी हळूच म्हणाले.

"देवाचं फूल हाय ते. तुझ्या पुस्तकात त्येबी इख हाय व्हय गं?" काकू हसली.

मोठ्यांशी वाद घालण्याचा मला संकोच वाटतो. मी आत जाऊन वाचत बसले.

दुपारी सोनीचे पाय लटपटू लागले, तोंडाला फेस आला. पलूसहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शने दिली. परंतु उशीर झाला होता. काकूच्या मांडीवरच सोनी गेली.

सोनीच्या तोंडाचा फेस पदराने पुसत काकू म्हणाली, "मी हसली आसंन. पर तुला म्हाईत हुतं न्हवं? हातातनं वढून का घेतलं न्हाईस?"

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो, हे परीक्षेत लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत.

तुमच्या घरचे निर्माल्य कोणाच्या पुढ्यात पडते? कृपया आत्ताच उठून पाहा. कोणी हसले, तरी आत निघून जाऊ नका.