नाकातल्या फवाऱ्याचा थेंब

"थांबा!" मी ओरडले.

मेंढपाळ सखुबाईंनी आपली मेंढी गुडघ्यांत आवळली होती आणि औषधाच्या पंपाचं तोंड तिच्या नाकपुडीत होतं. पेडगावच्या माळावर सगळे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या साहेबांनी तर डोळे वटारले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मेंढ्यांच्या नाकात एक माशी अळ्या टाकते. त्यावर आमची कंपनी नाकात फवारायचं औषध तयार करत होती. थेंबांचा आकार मोजणं माझं काम. थेंब मोठा असला की नाकातच बसतो. दहा मायक्रॉनच्या खालचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, श्वासाबरोबर थेट फुफ्फुसात उतरतो. हे औषध तिथे गेलं तर मेंढी धापा टाकून मरायची भीती.

लॅबमध्ये थेंब मोठे आले होते. पण तिथे पंप स्टँडला लावून आम्ही हळू, एकसारखा दाबायचो. इथे पाणी भरून सराव करताना सखुबाईंनी तो खटकन दाबला आणि धुरासारखा बारीक फवारा निघाला. आता पंपात औषध होतं.

"मोजल्याशिवाय नको," मी म्हणाले.

"मुंबईहून डायरेक्टर ट्रायल बघायला आलेत आणि तुम्हाला आत्ता मोजायचंय?" साहेब दातओठ खात पुटपुटले.

"काय झालं बाई? औषीद वंगाळ हाय का?" सखुबाईंनी विचारलं.

"औषध चांगलंय. जरा हळू दाबाल का?"

"हळू कसं दाबू? ती हिसडे मारायलीय. अन् गाभण हायत समद्या. एक बी गेली तर आमी खायाचं काय?"

मी जीपमधून मायक्रोस्कोप काढला. काचपट्टीखाली मॅग्नेशियमची फीत जाळली. पट्टीवर पांढरी काजळी बसते, थेंब पडला की तिच्यात खड्डा पडतो. खड्डा मोजला की थेंब कळतो. सखुबाईंनी मेंढी तशीच धरून पट्टीवर फवारा मारला. बारीक खड्ड्यांचा नुसता सडा पडला.

साहेबांनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग डायरेक्टरांकडे जाऊन म्हणाले, "आज ट्रायल होणार नाही."

पुढे पंप बदलला. कसाही दाबला तरी थेंब मोठाच पडायला लागला. तो घेऊन पुन्हा पेडगावला गेलो, तर सखुबाईंनी मेंढ्या द्यायला साफ नकार दिला.

"तवा तुमी होता म्हणून वाचलो, बाई. त्या दिशी तुमी आल्याच नसत्या तर?"

मला ते फार लागलं, कारण त्यांचं बरोबर होतं. ट्रायल दुसऱ्या कळपावर झाली, एकही मेंढी दगावली नाही.

तेव्हापासून नुसत्या लॅबच्या आकड्यांवर मी सही करत नाही. आधी पंप वापरणाऱ्याच्या हातात देते, मग थेंब मोजते. स्टँडला मेंढी धरावी लागत नाही.