आईची रेघ

शेजाऱ्यांनी आज नव्या भिंतीवर पाणी मारलं आणि त्या ओल्या सिमेंटच्या वासानं मला चिकलठाण्याच्या आमच्या मोकळ्या प्लॉटवर नेलं.

वडील जाऊन वर्ष झालं होतं. काका आईला समजावत होते, "वहिनी, गावात तयार घर घ्या. एकट्या बाईच्यानं बांधकाम व्हत नाय."

आईनं चुन्याच्या फक्कीचं घमेलं उचललं आणि भर उन्हात पायाची पहिली पांढरी रेघ स्वतः ओढली. रेघ वाकडी आली. काका हसले.

"वाकडी असंल भाऊजी, पण माझी हाय," आई म्हणाली आणि दुसरी ओढायला वळली.

मला तेव्हा तिची लाज वाटली होती. पुढं घर उभं राहिलं, दारावर पाटी लागली ती तिच्या एकटीच्या नावाची. माझ्या मुली आज ती पाटी अभिमानानं पुसतात.