आवाज परत मागणारे भुजंगराव

ज्या माणसाचा आवाज गेला आहे पण कान ठणठणीत आहेत, त्याच्याशी बोलताना आपण सगळे आपलाच आवाज का खाली आणतो? गेले वर्षभर जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमधल्या भुजंगरावांच्या घरात शिरले की मी कुजबुजू लागते. भुजंगराव पाटीवर लिहितात, "मोठ्याने बोल." दोन वाक्ये मी मोठ्याने बोलते आणि पुन्हा खाली येते. आवाज हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे, तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही.

तमिळ रसिक त्यांना इळंचेरन या नावाने ओळखतात. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या भूमिकांविषयी जाणकार लिहितीलच. मी त्यांचे चित्रपट खाली येणारी भाषांतरे वाचत पाहिले आहेत. अभिनयावर बोलण्याचा अधिकार मला नाही. मी लिहिते आहे ते त्यांच्या आवाजाविषयी, कारण तो काही काळ माझ्या ताब्यात होता.

आमची पहिली भेट दिवाळीच्या कार्यक्रमात झाली. इथल्या भारतीय विद्यार्थ्यांनी सभागृह घेतले होते आणि माईकची जबाबदारी माझ्यावर होती. माझे वडील तासगावला लग्नमांडवांत स्पीकर लावतात. आमच्याकडे माईक तपासायचा तो फुंकर मारूनच. मी फुंकर मारली तसे मागून कोणीतरी म्हणाले, "फुंकू नोको ग. ताप नाही आला त्याला."

मराठीच होते, पण माझ्या कानाला नवे. वळून पाहिले तर लोकरी टोपी घातलेले उंच, वृद्ध गृहस्थ.

"तुम्ही मराठी?" मी विचारले.

"तंजावरचे. तिकडे जाऊन तीनशे वर्षे झाली. परतीचे तिकीट काढायचे राहिले आहे."

मी हसत होते तेवढ्यात तमिळ विद्यार्थ्यांचा घोळका धावत आला आणि एकेक जण त्यांच्या पाया पडू लागला. एकाला रडूच फुटले. माझा चेहरा पाहून भुजंगराव म्हणाले, "घाबरू नोको. मी त्याला काही केलेले नाही." पत्नीच्या निधनानंतर ते इथे आपल्या कन्या सुभद्राताई यांच्याकडे राहायला आले होते, हे मला मागाहून कळले. मी "सर" म्हटले, तर लगेच दुरुस्ती आली, "सर सेटवर. घरी काका."

जग त्यांना नायक म्हणून ओळखते. पण त्याआधी बरीच वर्षे ते मद्रासच्या डबिंग स्टुडिओत दुसऱ्यांचा आवाज होते. त्या काळच्या एका देखण्या नटाला तमिळ धड बोलता येत नसे. पडद्यावर ओठ त्याचे हलत आणि आवाज भुजंगरावांचा येई. श्रेयनामावलीत त्यांचे नाव एकदाही आले नाही. त्यांच्या आई असाच एक चित्रपट पाहायला गेल्या आणि पूर्ण वेळ डोळे मिटून बसल्या. शेजारच्या बाईंनी विचारले, "झोप लागली का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, मुलाला बघते आहे." ही गोष्ट भुजंगराव नेहमी हसत सांगायचे. एकदाच सांगून झाल्यावर म्हणाले, "मुलाला बघायला आईला डोळे मिटावे लागले, हे काही बरे झाले नाही."

पुढे ते स्वतः नायक झाले, तेव्हा आपल्या चित्रपटात ज्याने आवाज दिला त्याचे नाव पडद्यावर आलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह राहिला. एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाला नायिकेला आवाज देणाऱ्या बाईंचे नाव गाळलेले दिसले, तेव्हा ते उठून बाहेर जाऊन बसले. मध्यंतरात सत्कार ठरला होता. त्या बाईंना घरून आणेपर्यंत त्यांनी हार गळ्यात घालू दिला नाही. स्वतःच्या भूमिकेला मात्र त्यांनी कधीही दुसऱ्याचा आवाज लावू दिला नाही. ताप असो, घसा बसलेला असो, डबिंग स्वतःच, आणि तेही उभे राहून, अनवाणी.

मग घशाचा कर्करोग निघाला. स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल, असे इथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि शस्त्रक्रियेचा टर्मिन, म्हणजे तारीखही दिली. त्या संध्याकाळी सुभद्राताई माझ्याकडे आल्या. "तुझ्या यंत्रात अप्पांचा आवाज ठेवता येईल का?" माझे पीएचडीचे काम तेच आहे: माणसाची वाक्ये ध्वनिमुद्रित करायची आणि त्यांवरून संगणकाला त्याच्या आवाजात, हव्या त्या भाषेत बोलायला लावायचे. मी आनंदाने हो म्हटले. भुजंगरावही कन्येच्या शब्दाखातर तयार झाले.

संस्थेच्या बंदिस्त खोलीत ते बूट काढून मोज्यांवर उभे राहिले. मी पहिला कागद पुढे केला.

"'खिडकी उघडी राहिली आहे.' हे कोण म्हणते? कोणाला?"

"कोणीच नाही काका. नुसते वाक्य आहे. सपाट वाचा."

"नुसते वाक्य मला येत नाही. बाई आहे की बुवा? भांडण झाले आहे का?"

"बरं, भांडण झालंय."

"कशावरून?"

अशा रीतीने प्रत्येक वाक्यासाठी मला एक माणूस उभा करावा लागला. दिवसाला जेवढी वाक्ये व्हायला हवीत त्याच्या निम्मीही होत नव्हती. माझ्या जर्मन मार्गदर्शक प्राध्यापकांनी ऐकून मान हलवली. "आल्झो, म्हणजे हे नाटक आहे. आपल्याला सपाट आवाज हवा." एवढे बोलून ते खुर्ची ओढून बसले आणि भाषा कळत नसतानाही शेवटपर्यंत ऐकत राहिले.

त्याच दिवसांत भुजंगरावांनी माझ्या वडिलांना फोन लावायला सांगितला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पीएचडी म्हणजे काय हे वडिलांना अजून नीट समजलेले नाही. "तुमची मुलगी फार कडक आहे," भुजंगराव त्यांना म्हणाले, "मला बसू देत नाही." आयुष्यभर माईकवर 'हॅलो, हॅलो' म्हणणाऱ्या माझ्या वडिलांच्या तोंडून त्या फोनवर एक शब्द फुटला नाही. त्यानंतर मात्र गल्लीत आठवडाभर तोच विषय होता.

शस्त्रक्रिया पार पडली. आता ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर पातळ रुमाल बांधतात. मी संगणकावर तयार केलेला आवाज घेऊन गेले, तेव्हा सुभद्राताईंनी स्वयंपाकघरातच तो लावायला सांगितला. संगणक बोलला आणि त्या ओट्याला टेकल्या. "अप्पा!" एवढेच म्हणाल्या. भुजंगरावांनी तो दोनदा ऐकला. मग पाटीवर लिहिले, "छान आहे. पण याने श्वास कुठे घेतला?"

आमच्या कामात श्वासाचे आवाज कापून टाकतात. मी तसे सांगितले. त्यांनी रुमालावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

त्यांच्या शेवटच्या चित्रपटाचे चित्रीकरण आधीच झाले होते, डबिंग राहिले होते. या आवाजाची बातमी चेन्नईला पोचली आणि निर्मात्यांचा फोन आला. "सर, लोक तुमच्या आवाजासाठी येतात. कॉम्प्युटरवर करून टाकू. कोणाला कळणार?" भुजंगराव लिहीत होते, सुभद्राताई वाचून दाखवत होत्या: "डबिंगमधला एखादा तरुण मुलगा घ्या. त्याचे नाव माझ्या नावाआधी टाका."

"मग पोस्टरवर फोटोही त्याचाच छापू का सर?" निर्माते वैतागून म्हणाले.

पाटीवर आले, "छापा. माझ्यापेक्षा बरा दिसेल."

फोन ठेवल्यावर त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. "आता तुझ्याकडचे सगळे पुसून टाक."

"नोको अप्पा!" सुभद्राताई ओरडल्या. "आवाज ऐकायला चित्रपट आहेत म्हणू नका. त्यात तुम्ही दुसऱ्याच कोणाशी तरी बोलता. मला 'सुभी, कॉफी दे' ऐकायचे आहे. ही ते करून देईल. देशील ना ग?"

मी देऊ शकत होते. अर्ध्या तासाचे काम होते.

भुजंगरावांनी सावकाश लिहिले, "मी म्हटले नाही ते माझ्या आवाजात कोणी म्हणू नये." मग खाली, "घरातसुद्धा." सुभद्राताई पाटी न पुसता बाहेर निघून गेल्या.

इथल्या नियमाप्रमाणे ज्याचा आवाज त्याला तो केव्हाही परत मागता येतो. प्राध्यापक म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, तो त्यांचा हक्क आहे." आणि पुढे हेही, की माझ्या प्रबंधाचे मोठे प्रकरण गेले, शिष्यवृत्ती संपल्यानंतरही नव्याने काम करावे लागेल. वडील फोनवर म्हणाले, "म्हणजे अजून वर्ष? इथं सगळे विचारतात गं." त्यांना मी काय सांगणार होते? काही आठवडे मी काहीच केले नाही. भुजंगरावांनीही पुन्हा एकदासुद्धा विचारले नाही. मी गेले की कॉफी पुढे करीत आणि माझा प्रबंध कुठवर आला, एवढेच लिहीत. ज्या माणसाचा आवाज इतकी वर्षे नाव न देता दुसऱ्याच्या तोंडी घातला गेला, त्याने पहिल्यांदा तो परत मागितला आणि मागून झाल्यावर गप्प राहिला. त्यांच्या थोरवीविषयी मला स्वतःच्या अनुभवाने सांगता येते ते इतकेच.

त्यांचा श्वास अडखळल्याशिवाय चालू राहो, इथले लांबलचक हिवाळे त्यांना सोसवोत, त्या तरुणाच्या आवाजातला चित्रपट त्यांना थिएटरात बसून पाहता येवो, आणि सुभद्राताईंच्या हातची कॉफी त्यांना पुढची पुष्कळ वर्षे मिळो.

हा लेख पाठवण्याआधी मी सुभद्राताईंना फोन केला. "आज पुसते आहे," म्हटले. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतेस? कर," आणि फोन ठेवला. त्या दुपारी मूळ ध्वनिमुद्रणे, त्यांवरून केलेला आवाज आणि संस्थेतली राखीव प्रत, सगळे मी पुसले. माझ्यासाठी काही ठेवलेले नाही.