आक्काचा दोरा आणि दोन गोळ्या

आक्का गेली तेव्हा मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात निकालाच्या याद्या तपासत होते. यजमानांचा फोन आला. "आक्का गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं, हातातली यादी पूर्ण केली, सही केली आणि मग उठले. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहत होत्या, तेवढं आठवतं. आता सव्वा महिना झाला. माझं आणि आक्काचं फार सख्य होतं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली, आणि ती ऐकायला आता ती नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. पातूरजवळ त्यांचा फुलांचा मळा. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. सकाळची फुलं अकोल्याच्या बाजारात जायची आणि हारांच्या मागण्या असतील ते हार आक्का ओसरीवर बसून गुंफायची. मान खाली, खांदे पुढे, तासन् तास. त्या मानेतूनच तिची डोकेदुखी वर चढायची आणि कपाळाभोवती कोणी ओला फडका आवळून बांधावा तशी बसायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून ही ताणाची डोकेदुखी आहे असं सांगितलं, मानेचे व्यायाम दिले आणि अगदीच सोसेना झालं तर घ्यायला एक गोळी लिहून दिली. सोबत अटी. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. उपाशीपोटी नाही. झोप येते, तेव्हा घेतल्यावर गाडीवर बसायचं नाही. आणि घेतली की लिहून ठेवायचं. आता लिहायचं कसं? आक्काला लिहिता येत होतं, पण हात कायम ओले आणि वही कायम हरवलेली. दोरा मात्र सदैव हाताशी. तिनं ओसरीवरच्या खिळ्याला हार गुंफायचा पांढरा दोरा टांगला आणि एक गोळी घेतली की एक गाठ मारायला लागली. एक तारखेला नवा दोरा. तपासणीला जाताना दोरे पिशवीत टाकून न्यायची. डॉक्टर पहिल्यांदा हसले म्हणे, मग गाठी मोजायला लागले. एका महिन्याला आठाच्या वर गाठी मी तरी कधी पाहिल्या नाहीत.

एरवी आक्काचा हात मोकळा. कोणी काही मागावं आणि तिनं नाही म्हणावं असं होत नसे. लोणचं, साडी, फुलं, अंगावरची शालसुद्धा. आणि आपल्याकडे दुसऱ्याची गोळी मागणं म्हणजे काडेपेटी मागण्यासारखं. "डोकं दुखून राहिलं, आहे का काही?" म्हटलं की चार पर्समधून चार पाकिटं बाहेर येतात. आक्काच्या डब्यातून मात्र कधी काही बाहेर आलं नाही. चहापत्तीचा जुना डबा होता, त्यात गोळ्यांची पाकिटं, नावं आणि तारखा शाबूत. सर्दीचं औषध घ्यायचं झालं तरी ती डबा घेऊन मेडिकलमध्ये जायची आणि विचारायची, "ह्याच्यात अन् त्याच्यात एकच तं नाही न?" या बाबतीत नातेवाइकांत तिची चेष्टा व्हायची. मी त्यात मागे नव्हते.

सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न होतं. हळदीच्या सकाळी आम्ही अमरावतीहून पातूरला पोचलो तेव्हा माझं डोकं फुटत होतं. निकालाचे दिवस नुकतेच संपले होते. त्या काळात मी दुकानातून मिळेल ती डोकेदुखीची गोळी जवळजवळ रोज घेत होते, आणि आदल्या दिवसापासून सर्दीच्याही चालू होत्या. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आक्का फुलांच्या ढिगात बसली होती. मी तिच्याकडे गोळी मागितली.

"नाही देत मंदा," ती म्हणाली. "ते माया नावाची हाय. डॉक्टरनं मले पाहून देल्ली. तुले पाह्यलं काय त्यानं?"

"एका गोळीनं काय होतंय, आक्का?"

"काय होते ते मले ठाव नाही, म्हनून तं देत नाही. चाय पी, मान शेकून देऊ काय?"

चार बायका ऐकत होत्या. मला ते फार लागलं. लेकीच्या लग्नात भावजयीला एक गोळी देववत नाही, असं मनात म्हणत मी आतल्या खोलीत गेले. डबा फळीवर होता. आक्का पाहुण्यांना पाणी द्यायला उठली आणि मी दोन गोळ्या काढून घेतल्या. एक पुरणार नाही अशी मला खात्री होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतलेली मी बाई. त्या क्षणी मला काही चुकतंय असं वाटलंही नाही.

थोड्या वेळानं आक्का आत आली. मी गादीवर आडवी होते. "मंदा, काही घेतलं काय तुनं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही."

पुढचं मला तुटक आठवतं. खूप जड झोप होती आणि आक्का मला झोपू देत नव्हती. दर थोड्या वेळानं खांदा हलवायची. "मंदा, नाव सांग तुयं. गाव कोनतं?" मी चिडून नाव सांगायची, ती गप्प बसायची, पुन्हा हलवायची. दुपारी चारला मी नीट जागी झाले तेव्हा हळद होऊन गेली होती. नंतर कितीतरी वर्षं हा किस्सा मी अमरावतीत सांगत असे... आमची नणंद, गोळी तर दिली नाहीच, वर धड झोपूही दिलं नाही. लोक हसत. लग्नाच्या अल्बममध्ये हळदीच्या एकाही फोटोत आक्का नाही, हे मी पाहिलं होतं. बसली असेल कुठे हार गुंफत, असं मीच ठरवून टाकलं.

लग्नानंतर महिन्याभरानं ती शेवंतीची पिशवी घेऊन अमरावतीला आली, न कळवता. "चाल, डोकं दाखवून येऊ तुयं," म्हणाली. मी आढेवेढे घेतले, पण तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. ऑटोनं आम्ही इथल्याच एका डॉक्टरांकडे गेलो. ती आत आली नाही, बाहेर बाकावर बसली. आत मी प्रथमच सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या गोळ्यांनीच तुमचं डोकं रोज दुखतंय. दुकानातली गोळी, सर्दीची गोळी, चिठ्ठीवरची गोळी, पुष्कळदा तिन्हींत औषध एकच असतं. एकावर एक घेतलं की यकृतावर येतं, आणि झोपेच्या औषधाची भर पडली की श्वासावरही. त्यांच्या देखरेखीखाली रोजच्या गोळ्या सुटल्या. पहिले काही आठवडे वाईट गेले. मग बरे दिवस आले, आणि त्याचं श्रेय मी डॉक्टरांना दिलं.

आक्काचा शेवट हृदयविकारानं झाला. दुपारी, हार अर्धा असताना. गोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तेरवीनंतर शुभांगीनं फळीवरचा तो डबा काढला. उरलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून नष्ट करायच्या, कोणाला द्यायच्या नाहीत, असं आईनं बजावून ठेवलं होतं म्हणे. डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेला एकच दोरा होता. त्यावर सहा पांढऱ्या गाठी, आणि टोकाला बांधलेला हळदीनं पिवळा झालेला एक तुकडा. त्या तुकड्यावर दोन गाठी.

"मामी, ह्या दोन तुमच्या हायेत," शुभांगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "हयदीच्या दिवशी दोन गोया कमी भरल्या. आईनं बाबाले सांगून डॉक्टरले फोन लावला. ते म्हनले, हलवून पाहत राहा, बोलत नसन तं लगेच दवाखान्यात आना. वऱ्हाडाची गाडी दारात उभीच ठेवली व्हती. मले म्हने, तू हयद लावून घे, मंदा उठेपर्यंत मी हालत नाही."

मी तो पिवळा तुकडा हातात घेतला.

"माया आंगाले पयली हयद आत्यानं लावली," ती म्हणाली. "मंग मी आईले म्हनलं, मामीले इचारू काय? तं म्हने, नोको. तिचं ती सांगन."

सहा वर्षं. दिवाळ्या झाल्या, शुभांगीच्या मुलाचं बारसं झालं, आक्का दोनदा आमच्याकडे राहून गेली. एकदा पोळ्या लाटताना मी अगदी तोंड उघडलं होतं... मग मीठ मागितलं. तिनं मीठ दिलं. मला वाईट वाटतं, लाजही वाटते, आणि हे दोन्ही मला तिच्या तेरवीनंतर वाटावं याचा रागही येतो.

तो दोरा मी अमरावतीला आणला. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला तो आहे, शेजारी या महिन्याचा माझा दोरा आहे, त्यावर एक गाठ. आमच्या विभागात यादीतली चूक खोडून भागत नाही. दुरुस्ती करून शेजारी स्वतःची सही करावी लागते. आक्का, त्या दोन गोळ्या मी घेतल्या होत्या.

— मंदा